हाक कुणाची, वाट कुणाची?

घरात बाळ जन्मलं की पाचवीला आपण पाटा-वरवंटा मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि शेजारी एक कोरा कागद नि पेन ठेवतो. रात्री सटवाई येणार आणि बाळाचं नशीब लिहून जाणार. सकाळी कागद कोराच असतो. म्हाताऱ्या बाया म्हणतात, लिहिलंय ते कपाळावर, आपल्याला दिसत नाही. लहानपणापासून मला त्या कोऱ्या कागदाचं फार कुतूहल. लिहायचंच होतं तर दिसेल असं का नाही लिहिलं बाई?

जेम्स हिलमन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल युंग यांच्या नावाची जी संस्था आहे, तिथे ते बरीच वर्षं शिक्षणप्रमुख होते. २०११ साली ते वारले. १९९६ साली त्यांनी आत्म्याच्या सांकेतिक लिपीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते तिकडे घरोघरी वाचलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ओकच्या इवल्याशा बीमध्ये जसा अख्खा ओक असतो तसं प्रत्येक मूल आपलं एक चित्र घेऊनच जन्माला येतं. आमच्या भामरागडच्या जंगलात ओक नाही, तेव्हा आपण मोहाचं बी म्हणू. ते बी कुठेही पडलं तरी त्याचा साग होत नाही. ग्रीक लोक मानायचे, की जन्माआधी जीव आपलं आयुष्य निवडतो आणि जन्मताना सगळं विसरतो, पण एक अदृश्य सोबती मात्र ते लक्षात ठेवतो. तोच आतून हाका मारत राहतो.

इथे एक फरक ध्यानात घ्या. सटवाई काय काय घडणार ते लिहिते. हिलमन तसं म्हणत नाहीत. त्यांच्या मते घटना ठरलेल्या नसतात, ओढ ठरलेली असते. म्हणून ते माणसाचं आयुष्य उलटं वाचायला सांगतात, म्हणजे आधी झाड बघा आणि मग बी शोधा. लहानपणचे हट्ट, खोड्या, आजारपणं, भीती हे सगळं त्यांना कचरा वाटत नाही, त्यात त्यांना हाका ऐकू येतात.

हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर दुसरं कोण येणार? मी राहते भामरागडात. इथून हाकेच्या अंतरावर हेमलकसा. तिथे बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प. बाबांना जाऊन आता इतकी वर्षं झाली, की ते गेले त्या साली जन्मलेली लेकरं दहावी-बारावी ओलांडायला लागली. त्यांना बाबा म्हणजे पुस्तकातला धडा, पांढरी बंडी घातलेला फोटो. म्हणून म्हटलं, हे आयुष्य एकदा उलटं वाचून बघू.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, वडील इंग्रजी अमलातले अधिकारी. थोरला मुलगा, त्यामुळे लाडाला पार नाही. बाबा हे नाव घरातलं, लहानपणीच पडलेलं. लोकांनी म्हातारपणी आदराने दिलेलं नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. चौदाव्या वर्षी या पोराच्या हातात स्वतःची बंदूक होती. रानडुकरं, हरणं मारायचा. पुढे दारात सिंगर कंपनीची गाडी आली आणि तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं लावलेलं. सिनेमाचं वेड इतकं, की इंग्रजी मासिकासाठी परीक्षणं लिहायचा. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी पत्रव्यवहार होता म्हणे. म्हणे कशाला, होताच!

आता सांगा, या छंदीफंदी पोरात कुष्ठरोग्यांची जखम धुणारा माणूस कुणाला दिसला असता? पण नीट बघितलं तर दोन गोष्टी दिसतात. जमीनदाराच्या पोराने खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलांसोबत जेवू-खेळू नये असा दंडक होता, आणि तो त्याने कधी जुमानला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांना हवा होता वकील. त्या काळी वडिलांपुढे कोण बोलणार? मुलगा नागपुरात कायदा शिकला आणि वरोऱ्यात वकिली करू लागला. चांगली चालली सुद्धा.

इथे जरा थांबते. माझ्या ओळखीतल्या एका बाईची गोष्ट सांगते, नाव नको. तिला नर्स व्हायचं होतं. लग्न लवकर झालं, राहून गेलं. आता तिची मुलगी बारावी झाली आणि आईचा धोसरा एकच, नर्सिंगला जा. मुलगी पहाटे चारला उठून रस्त्यावर धावते, तिला पोलीस भरतीत उतरायचंय. दोघी एकमेकींशी आठ-आठ दिवस बोलत नाहीत. हिलमन अशा घरांबद्दल लिहितात, की आईबापांनीच मूल घडवलं ही आपली सर्वांत लाडकी गैरसमजूत. आईबाप बी रुजायला माती देतात, पण बी त्यांचं नसतं. आणि आईबापांनी स्वतःची हाक ऐकली नसली की ती पोराच्या गळ्यात अडकवतात. मला हे पटतं. पण त्या बाईची हाक खोटी होती का? तिचं काय करायचं, ते हिलमन फारसं सांगत नाहीत. तिची गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर वकील आमटे. पैसा येत होता, पण गांधीजींचा आणि विनोबांचा वारा लागला आणि वकिलीची चव गेली. १९४२ च्या चळवळीत धरपकड झालेल्यांचे खटले त्यांनी लढवले. रेल्वेत गोरे सोजीर एका मुलीला छळत होते, तेव्हा हा एकटा माणूस त्यांच्याशी भिडला. मार खाल्ला, पण हटला नाही. गांधीजींच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी बाबांना अभय साधक हे नाव दिलं. कशालाच न भिणारा, असा. हे नाव पुढे बाबांना किती जड गेलं ते बघा.

मग त्यांनी वरोऱ्यात श्रमाश्रम काढला. सगळ्या जातींची माणसं एकत्र राहणार, एकत्र कमावणार. त्याच काळात ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि भंगी कामगारांचा प्रश्न पुढे आला. तेव्हा डोक्यावरून मैला वाहायची पद्धत होती. बाबांनी ती टोपली स्वतः डोक्यावर घेतली. फोटो काढण्यापुरती एक दिवस घेतली असती तर आजच्या पुढाऱ्यांत शोभले असते. त्यांनी नऊ महिने घेतली, पावसात ते मानेवरून ओघळत असताना सुद्धा. हिलमन म्हणतात, झाड वर वाढतं पण माणसाचा जीव खाली वाढतो, म्हणजे वरून खाली येतो, मातीत, घाणीत, नात्यात पाय रोवतो. बिबट्याच्या कातड्यावरून उठून मैल्याच्या टोपलीखाली आलेला हा माणूस बघितला की ते वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग ती संध्याकाळ. पाऊस पडत होता. काम आटपून येताना गटाराच्या कडेला त्यांना चिंध्यांचं एक गाठोडं दिसलं. हात लावला तर ते माणूस होतं. हाताला बोटं नाहीत, नाकाच्या जागी भोक, जखमांत किडे वळवळताहेत. त्याचं नाव तुळशीराम. आणि अभय साधक तिथून पळाला. सरळ घर गाठलं. आपल्याला हा रोग लागला तर, या एका विचाराने अंगाला कापरं भरलं.

तुमच्या-माझ्यासारख्याने दोन दिवसांनी ते विसरायचा प्रयत्न केला असता. कुणी अंगारा लावला असता, कुणी देवाला नारळ फोडला असता. बाबांना झोप येईना. ते परत गेले. त्याच्यावर पावसाचा आडोसा उभा केला, त्याला खायला घातलं, जखमा धुतल्या. तुळशीराम त्यांच्या देखतच गेला. पण भीती गेली नाही. ती कित्येक महिने राहिली. ही भीती त्यांनी औषध देऊन घालवली नाही की दाबूनही टाकली नाही, तिच्या मागे गेले. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, पुढच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा. आपण भीतीला शत्रू समजतो. हिलमन यांचं शास्त्र म्हणतं, तिला आधी विचारा, बाई तू कशाला आलीस? तुला माझ्याकडून काय पाहिजे? बाबांनी हिलमन वाचले नव्हते. वाचणार कुठून, ते पुस्तक निघायला अजून जवळपास अर्धं शतक बाकी होतं. पण प्रश्न त्यांनी तोच विचारला.

उत्तर असं आलं, की वडिलांनी जे शिकू दिलं नाही ते आता शिक. बाबा वरोऱ्याच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांमध्ये काम करू लागले आणि १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेले. पस्तिशीला टेकलेला वकील डॉक्टरांच्या वर्गात बसला. डॉक्टरकीची पदवी नाही मिळाली, ती हाकेला लागतही नाही बहुतेक. तिथे एक अडचण होती. या रोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हते, त्यामुळे संशोधन अडलेलं. बाबांनी आपलं शरीर पुढे केलं आणि जंतू टोचून घेतले. रोग काही धरला नाही.

हे ऐकलं की सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या मनात मात्र येतं, घरी साधनाताई होत्या आणि दोन लहान लेकरं. विकास १९४७ चा, प्रकाश १९४८ चा. रोग धरला असता तर?

साधनाताईंचं माहेरचं नाव इंदू घुले. नागपूरच्या, शास्त्री-पंडितांच्या सोवळ्या घरातल्या. बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत ही मुलगी हळूच मागच्या बाजूला सटकली आणि घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करू लागली. तेव्हा दाढी वाढवून बैराग्यासारखे हिंडणारे बाबा तिथे पाहुणे होते. त्यांनी ते पाहिलं आणि संसार करायचा नाही हा बेत मोडला. १८ डिसेंबर १९४६ ला लग्न झालं. ती वीस वर्षांची, ते बत्तीस पुरे व्हायला आठ दिवस कमी.

आता तुम्हीच उलटं वाचा. पितळी भांड्यांचा खणखणाट, सनईचा सूर, शालू-पैठण्या, आणि एक मुलगी धुण्याच्या दगडापाशी. तिचं बी नव्हतं का ते? बाबा भेटायच्या आधीचं? आपण सर्रास म्हणतो, की नवऱ्याच्या मागे गेली बिचारी. मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत होते. समिधा हे त्यांचं आत्मकथन वाचलं आणि माझी बोलती बंद झाली. बिचारी बाई असं पुस्तक लिहीत नाही.

१९५१ च्या जूनमध्ये ही माणसं वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेली. दोघं नवरा-बायको, दोन लेकरं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. विनोबांच्या हस्ते उद्घाटन झालं. साप-विंचू पायात, वाघ-बिबटे वाऱ्यावर, आणि पाणी नाही म्हणून आधी विहीर खणायची. बोटं झडलेल्या हातांनी ती विहीर खणली. आनंदवन असं नाव ठेवलं, ते त्या माळाकडे बघून कुणाला सुचलं असतं? भाजीपाला पिकला, दूध झालं, तर वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. महारोग्यांनी पिकवलेलं कसं खायचं? पुढे परदेशांतले स्वयंसेवक आले, इमारती बांधायला राबले, तिथलंच खाल्लं-प्याले. मग गावाची भीड हळूहळू चेपली. नंतर १९६४ साली तिथे आनंदनिकेतन कॉलेज निघालं आणि ज्यांच्या हातची भाजी नको होती त्यांनी बांधलेल्या कॉलेजात गावची पोरं शिकू लागली.

(जाता जाता एक सांगते, कारण आपल्या पूर्व विदर्भात अजूनही रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि त्याला बधिरपणा असेल तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो. बाबांच्या काळी हे सुख नव्हतं.)

आता आमच्या भामरागडाकडे येते. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या इथे भेटतात. तो संगम बघायला बाबा १९७० च्या सुमारास आपल्या पोरांना घेऊन आले, सहलीला. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला; हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यात मोडायचं. रस्ता नाही, वीज नाही, दवाखाना नाही. माडिया माणसं परकं माणूस दिसलं की रानात पळायची. इथे काम करावं असं बाबांच्या मनात होतं आणि ते त्यांनी बोलून दाखवलं. तेव्हा प्रकाशभाऊंनी सांगितलं, मी करीन. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशात काम सुरू झालं. प्रकाशभाऊ शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण अर्धवट टाकून आले. त्यांच्यासोबत मंदाताई, भूल देण्याच्या शास्त्रातल्या डॉक्टर. शहरात त्यांना मानाने बोलावलं असतं. इथे झोपडी होती आणि कंदील होता.

आता मघाचा प्रश्न परत येतो. बाबांच्या वडिलांनी मुलाला वकील केलं आणि बाबांची हाक वीस वर्षं लांबली. मग बाबांनी स्वतःच्या मुलाच्या गळ्यात आपली हाक अडकवली नाही कशावरून? मी यावर पुष्कळ विचार केला. एवढं दिसतं, की बाबांनी इच्छा सांगितली आणि हुकूम केला नाही. आणि प्रकाशभाऊंनी हेमलकशात जे केलं ते बापाची नक्कल नव्हतं. लोकांनी शिकार केलेल्या प्राण्यांची अनाथ पिल्लं त्यांनी घरात वाढवायला घेतली, बिबटे, अस्वलं, हरणं. बापाच्या गाडीत बिबट्याचं कातडं होतं, पोराच्या अंगणात जिवंत बिबट्या आला! हे कुठल्या बापाने शिकवलं? दरवर्षी पर्यटक येतात, बिबट्यासोबतचे फोटो त्यांना आठवतात, पण ही एका घराची गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही.

बाबांच्या पुढच्या आयुष्याविषयी वर्तमानपत्रांत भरपूर आलेलं आहे, मी लांबवत नाही. मणक्याच्या दुखण्याने त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाही तर आडवं व्हायचं, तिसरी सोय नाही. तशा अवस्थेत १९८५ च्या डिसेंबरात, एकाहत्तरीला टेकलेले असताना, ते तरुण मुलामुलींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. पोरं सायकलवर, बाबा गाडीतल्या खाटेवर आडवे. १९९० मध्ये नर्मदेच्या धरणग्रस्तांसाठी आनंदवन सोडून कसरावदला, नदीकाठी जाऊन राहिले. पंचाहत्तरी उलटलेली. त्या वेळीही सामान बांधलं कुणी, चूल मांडली कुणी, ते तुम्हाला सांगायला नको. साधनाताई तेव्हा चौसष्टच्या. त्या वयात आपण मुलीच्या बाळंतपणाला जायचं म्हटलं तरी गुडघे धरतो.

मला बाबांचा हा भाग थोडा खुपतो, खोटं कशाला बोलू. हाक आली की हा माणूस निघायचा, आणि घराने त्याच्या मागे निघायचं. हिलमन यांच्या पुस्तकात थोरामोठ्यांच्या गोष्टी खच्चून भरल्या आहेत, पण त्यांच्यामागे स्वयंपाकघरात कोण उभं होतं हे विचारायला ते फार थांबत नाहीत. त्यांनी एक मात्र चांगलं सांगितलंय. हाक म्हणजे मोठं कामच असतं असं नाही, ती स्वभावातही असते. एखादी बाई जे करते ते कसं करते, त्यात तिची हाक दिसते. साधनाताईंनी आनंदवनात शेकडो पानं वाढली असतील. पण बोटं नसलेल्या माणसाच्या पंगतीत लेकरांना घेऊन बसणं, हे कुणी सांगून होत नाही. धुण्याच्या दगडापासून ते चालत आलेलं होतं.

त्या माझ्या ओळखीच्या बाईला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली ते एवढंच, की पोरीला धावू देते, पण माझं काय? मला उत्तर आलं नाही. पण मला माहीत आहे, आमच्या वाडीत कुणी बाळंत व्हायची असली, कुणाच्या म्हाताऱ्याला पाठीला जखमा झाल्या, की माणसं दवाखान्याआधी तिचंच दार वाजवतात, आणि ती रात्री-बेरात्री उठून जाते. ते काही नर्सिंगचं सर्टिफिकेट नाही. गावच्या आरोग्य केंद्रात आशा ताईची जागा निघेल तेव्हा अर्ज कर असं मी तिला सांगून ठेवलंय. तिच्या मनात आहे असं दिसतं.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा आनंदवनात गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना जाळलं नाही, आनंदवनाच्याच मातीत पुरलं. साधनाताई तीन वर्षांनी, ९ जुलै २०११ ला गेल्या.

बाबांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. त्यावर एकट्या बाबांचं नाव होतं. ते गेले त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, तोच पुरस्कार हेमलकशाला आला. त्यावर नावं दोन होती, प्रकाश आमटे आणि मंदाकिनी आमटे.